ओळीला पाच कोपेक

जानेवारी १८८० मध्ये पीटर्सबर्गच्या एका विनोदी साप्ताहिकात, संपादकांच्या 'टपालपेटी' या सदरात, मॉस्कोच्या एका नवख्या लेखकासाठी दोनतीन ओळींचा निरोप छापून आला. मजकूर वाईट नाही, छापू, पुढेही लिहीत राहा, एवढाच त्याचा आशय होता. साप्ताहिकाचं नाव 'स्त्रिकोझा'. रशियन भाषेत याचा अर्थ चतुर, म्हणजे पाण्यावर भिरभिरणारा तो कीटक. मराठीत या नावाला आयती कोटी चिकटते, रशियनमध्ये तशी काही सोय नव्हती. निरोप ज्याच्यासाठी होता तो मॉस्को विद्यापीठात वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला होता आणि त्याच महिन्यात त्याला वीस वर्षं पूर्ण होत होती. दर ठरला ओळीला पाच कोपेक. शंभर कोपेकचा एक रूबल.

अंतोन चेखवच्या लेखनाची सुरुवात ही अशी झाली. पुढे तो कथा आणि नाटक या दोन्हींत काय करून गेला ते सर्वांना माहीत आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. मला त्याची पहिली आठ-नऊ वर्षं जास्त खुणावतात, कारण तेव्हा तो आजच्या भाषेत फ्रीलान्सर होता. कुठे पाठवायचं, किती दर मिळेल, पैसे कधी येतील, संपादकाला काय चालतं, एकाच वेळी दोन ठिकाणी लिहिलं तर कोण रुसेल, हे सगळे प्रश्न त्याला होते. त्याची पत्रं आणि धाकटा भाऊ मिखाईलच्या आठवणी उपलब्ध असल्यामुळे त्याने ते कसे सोडवले तेही आपल्याला कळतं. आणि काही प्रश्न सुटले नाहीत, तेही कळतं.

आधी घरची परिस्थिती. आजोबा भूदास होते, त्यांनी पै-पै साठवून मालकाकडून कुटुंबाची सुटका विकत घेतली. वडिलांचं तागानरोगला किराणा मालाचं दुकान होतं, ते १८७६ मध्ये बुडालं. कर्जबुडव्यांसाठी तुरुंग होता, म्हणून वडील मॉस्कोला पळाले आणि पाठोपाठ बाकीचं कुटुंब गेलं. सोळा वर्षांचा अंतोन शाळा पुरी करायला एकटा मागे राहिला आणि शिकवण्या करून पोट भरू लागला. १८७९ मध्ये तो मॉस्कोत आला तेव्हा घरचे सगळे बदनाम वस्तीतल्या एका तळघरात राहत होते. वडिलांना एका व्यापाऱ्याच्या वखारीत महिना ३० रूबलची नोकरी होती. अंतोनने येताना तागानरोग नगरपालिकेची महिना २५ रूबलची शिष्यवृत्ती आणली आणि पोटभाडेकरू म्हणून दोन वर्गमित्रही आणले. म्हणजे लेखनाचा एक कोपेकही मिळण्याआधी हा मुलगा घरात वडिलांच्या बरोबरीने पैसे आणत होता. दोन मोठे भाऊ होते, पण त्यांच्या भरवशावर घर चालण्यासारखं नव्हतं.

पण लिहून पैसे मिळतात हे त्याला कळलं ते या भावांमुळेच. अलेक्सांद्र विनोदी साप्ताहिकांत लिहीत होता आणि निकोलाय चित्रं काढत होता. नव्या माणसाला दार दाखवणारं कुणीतरी लागतं. अंतोनला ते घरातच मिळालं.

या साप्ताहिकांचं पेव तेव्हाच का फुटलं होतं? १८६१ मध्ये भूदासपद्धती रद्द झाली, रेल्वे पसरली, गावाकडची माणसं शहरात आली. दुकानातले कारकून, कचेरीतले लेखनिक, छोटे व्यापारी अशा नव्याने वाचायला लागलेल्या माणसांचा एक मोठा वर्ग तयार झाला. जाडजूड वाङ्मयीन मासिकांत कादंबऱ्या क्रमशः येत आणि त्यावर गंभीर चर्चा होत, पण या वाचकाला ती परवडत नसत आणि झेपतही नसत. त्याला ट्रामची वाट पाहताना किंवा खानावळीत बसल्या बसल्या वाचून हसण्यासारखं काहीतरी हवं असे. त्यात १८८१ मध्ये झार अलेक्सांद्र दुसरा याचा खून झाला आणि सेन्सॉरचा फास आवळला गेला. राजकारणावर बोलायची सोय उरली नाही. मग उरली सासू, जावई, लाचखाऊ फौजदार, उन्हाळ्यातली बंगली आणि कारकुनाची शिंक. दर आठवड्याला कोरी पानं भरायची, म्हणजे लेखक लागणार. नाव नसलेला विद्यार्थीही चाले, फक्त मजकूर हसवणारा आणि छोटा हवा.

टपालपेटीबद्दल थोडं. आलेल्या प्रत्येक हस्तलिखिताला वेगळं पत्र पाठवणं संपादकांना परवडत नसे, म्हणून होकार-नकार अंकातच छापत. नकार म्हणजे चारचौघांत कानाखाली. लेखकाच्या नावाची आद्याक्षरंच असत, पण ज्याला कळायचं त्याला कळे. 'स्त्रिकोझा'ने वर्षभर चेखवचा मजकूर छापला, अधूनमधून नाकारलाही, आणि १८८० च्या अखेरीस याच सदरातून त्याला ऐकवलं की तू उमलण्याआधीच कोमेजायला लागला आहेस. चेखवने तिथे पाठवणं बंद केलं. त्याने वाद घातल्याचं दिसत नाही, खचून लिहिणं सोडल्याचंही नाही. तो मॉस्कोतल्या दुसऱ्या साप्ताहिकांकडे वळला. त्यांतलं एक 'बुदिल्निक', म्हणजे गजराचं घड्याळ. दुसरं 'झ्रीतेल', म्हणजे प्रेक्षक.

छापून येणं आणि पैसे हातात पडणं यांत तेव्हाही बरंच अंतर होतं. वसुलीचं काम मिखाईलकडे असे. हा माझा भाऊ आहे आणि माझे पैसे घ्यायचा त्याला अधिकार आहे, अशी लेखी चिठ्ठीच अंतोनने त्याला दिली होती. मिखाईलने आठवणींत एक प्रसंग दिला आहे. एका वृत्तपत्राच्या कचेरीत तो ताटकळत बसायचा. अंक विकणारी पोरं दिवसाचा गल्ला घेऊन येतील तेव्हाच तिथे पैसे दिसणार. शेवटी मालक विचारायचा, कशाची वाट बघतोयस? तीन रूबलची. ते तर नाहीत बुवा, नाटकाचं तिकीट चालेल का? की नवी विजार हवी? अमक्या शिंप्याकडे जा आणि माझ्या खात्यावर शिवून घे.

'एक्स्पोजर मिळेल' या आजच्या आश्वासनापेक्षा विजार बरीच बरी, असं कुणाला वाटलं तर मी वाद घालणार नाही.

या पैशाला आपण मराठीत मानधन म्हणतो. रशियन शब्द आहे 'गोनोरार', लॅटिन 'होनोरारियुम'वरून आलेला, आणि त्याच्याही पोटात मानच आहे. म्हणजे दोन्ही भाषांनी धनाच्या आधी मान ठेवला, आणि दोन्हीकडच्या देणेकऱ्यांना त्यातल्या मानावरच भागवता येतं का हे बघायचा मोह होत आला.

१८८२ च्या शरद ऋतूत निकोलाय लेयकिन मॉस्कोला आला. हा मूळचा व्यापारी घराण्यातला, स्वतः ढिगाने विनोदी कथा लिहिणारा, आणि पीटर्सबर्गच्या 'अस्कोल्की' या साप्ताहिकाचा संपादक. 'अस्कोल्की' म्हणजे कपचे, फुटक्या काचेचे असतात तसे. त्याला मॉस्कोहून लिहिणारी ताज्या दमाची माणसं हवी होती. त्याच्याबरोबर पालमिन नावाचा एक कवी होता. दोघं घोडागाडीतून जात असताना पदपथावरून चाललेल्या दोन तरुणांकडे बोट दाखवून पालमिन म्हणाला, ते बघ, हुशार भाऊ आहेत दोघं, एक लिहितो, एक चित्रं काढतो. लेयकिनने गाडी थांबवली. ते अंतोन आणि निकोलाय होते.

लेयकिनचा दर ओळीला आठ कोपेक, आणि पैसे वेळेवर. शिवाय पत्राला उत्तर देणारा संपादक. या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळणं ही तेव्हाही चैन होती. बदल्यात अट होती लांबीची. कथा साधारण शंभर ओळींच्या आत बसली पाहिजे. म्हणजे एका कथेचे जास्तीत जास्त आठ रूबल. महिन्याला चार कथा लागल्या तर बत्तीस, आणि वडील वखारीत महिनाभर राबून तीस आणत होते. हा हिशोब डोळ्यासमोर ठेवला की डॉक्टर होऊ घातलेला मुलगा रात्री जागून कारकुनांच्या शिंकांवर का लिहीत होता ते कळतं.

दर ओळीमागे असला की लेखक पाल्हाळ लावणार, हे उघड आहे. लेयकिनने वरून झाकण घातल्यामुळे गंमत झाली. पाल्हाळ लावून फायदा नाही, कारण शंभर ओळींपुढे जागाच नाही, आणि फार आटोपतं घेऊनही चालत नाही, कारण मग पैसे कमी. चेखवने लेयकिनकडे या मर्यादेबद्दल तक्रार केली होती. विषय सुचतो, लिहायला बसतो, आणि शंभराचा आकडा पहिल्या ओळीपासून कोपर ढोसत राहतो, अशा अर्थाची. पण लिहीत तो त्याच मापात राहिला. साहेबाच्या टकलावर शिंक उडाली म्हणून भीतीने मरणारा कारकून १८८३ मध्ये 'अस्कोल्की'त आला, आणि कुत्रा कुणाचा आहे त्याप्रमाणे रंग बदलणारा फौजदार १८८४ मध्ये.

शंभर ओळींच्या या चौकटीने चेखव घडवला, असं लिहायची एक पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. त्याच चौकटीत त्याच वर्षांत शेकडो लोक लिहीत होते, स्वतः लेयकिनही लिहीत होता, आणि आज त्यांना फक्त अभ्यासक वाचतात. थोरला अलेक्सांद्र या धंद्यात अंतोनच्या आधी होता, चांगला शिकलेला होता, पुढे एका मोठ्या दैनिकात वार्ताहर होऊन त्याने जन्म काढला. निकोलायच्या चित्रांची लेयकिन वाट पाहत राही आणि ती वेळेवर पोचत नसत. दारू आणि क्षयाने तो १८८९ मध्ये गेला. चौकट तिघांनाही मिळाली होती.

चौकटीने काय मिळालं यापेक्षा तिने काय घेतलं याचा पुरावा पत्रांत जास्त आहे. ऑगस्ट १८८३ मध्ये लेयकिनला मजकूर पाठवताना चेखवने तो कुठल्या परिस्थितीत लिहिला ते सांगितलं. समोर वैद्यकीचा अभ्यास पडलाय. शेजारच्या खोलीत पाहुण्यांचं तान्हं मूल रडतंय. दुसऱ्या खोलीत वडील आईला लेस्कोवची कथा मोठ्याने वाचून दाखवताहेत. कुणीतरी वाद्यपेटीला चावी दिली आहे. पलंगही पाहुण्यांनी घेतलाय. लिहिणाऱ्याला याहून वाईट जागा कल्पनेत आणणं कठीण. पत्राचा सूर हसरा आहे, पण खाली वाकून पाहिलं तर तेवीस वर्षांचा एक थकलेला मुलगा दिसतो. पुढच्या वर्षी, १८८४ मध्ये, तो डॉक्टर झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याच्या थुंकीतून पहिल्यांदा रक्त पडलं.

डॉक्टरी सुरू झाली तरी लिहिणं कमी झालं नाही, कारण रोगी होते गरीब आणि ओळखीचे, आणि त्यांच्याकडून पैसे घ्यायला याला जड जाई. लेखनाखाली तो खरं नाव घालत नसे. अंतोशा चेखोन्ते हे त्याचं गाजलेलं टोपणनाव, पण 'प्लीहा नसलेला माणूस' आणि 'माझ्या भावाचा भाऊ' हीसुद्धा त्याचीच. खरं आडनाव त्याने वैद्यकीसाठी राखून ठेवलं होतं. साहित्य हा खेळ, तो कधीतरी संपेल, असं त्याने एका मित्राला लिहिलं.

विषयांचंही एक कुंपण होतं. १८८३ च्या वसंतात त्याने 'अस्कोल्की'ला थोडी गंभीर कथा पाठवली. लेयकिनने छापली, पण नाक मुरडून. विनोदी साप्ताहिकाच्या वाचकाला उदास करायचं नसतं. चेखवने अदबीने उत्तर दिलं की शंभरेक ओळींचं काही गंभीर आलं तर डोळ्यांना फार टोचणार नाही. ही कोंडी फुटली ती लेखनशैलीमुळे नव्हे, नव्या ठिकाणामुळे. मे १८८५ पासून तो 'पीटरबुर्गस्काया गझेता' या दैनिकात लिहू लागला. दर ओळीला सात कोपेक, म्हणजे लेयकिनपेक्षा एक कमी. पण तिथे शंभर ओळींचं झाकण नव्हतं आणि हसवायची सक्ती नव्हती. 'शिकारी' ही कथा तिथे आली. मुलगा गेल्याचं दुःख ऐकायला कुणी भेटत नाही म्हणून शेवटी घोडीला सांगणारा गाडीवान तिथेच, जानेवारी १८८६ मध्ये. आजोबांना पत्र लिहून पाकिटावर 'गावी, आजोबांना' असा पत्ता घालणारा वान्का तिथेच, त्याच वर्षीच्या नाताळात. ही शेवटची कथा म्हणजे सणाच्या अंकासाठीचा मजकूर होता, आपल्याकडे दिवाळीसाठी मागवतात तसा. एका कोपेकच्या तोट्यात हे सगळं लिहायची मुभा मिळाली.

त्यानंतर आला अलेक्सेय सुवोरिन. त्याच्या दैनिकाचं नाव 'नोवोये व्रेम्या', शब्दशः 'नवा काळ'. खाडिलकरांच्या मुंबईतल्या 'नवा काळ'शी त्याचा काही संबंध नाही. फेब्रुवारी १८८६ मध्ये चेखवची पहिली कथा तिथे आली. दर ओळीला बारा कोपेक. तीनशे ओळींची एक कथा धरली तर छत्तीस रूबल, वडिलांच्या महिन्याच्या पगाराहून जास्त. आणि तिथे पहिल्यांदा कथेखाली खरं नाव छापलं गेलं, दैनिकाच्या आग्रहावरून. त्याला स्वतःला ते तितकंसं रुचलं नव्हतं.

हे दैनिक राजसत्तेची तळी उचलणारं आणि ज्यूंविरुद्ध गरळ ओकणारं म्हणून कुप्रसिद्ध होतं. उदारमतवादी मंडळींनी चेखवला नावं ठेवली. तो लिहीत राहिला, सुवोरिनचा जवळचा मित्र झाला, आणि दहाबारा वर्षांनी ड्रेफस प्रकरणात त्या दैनिकाने केलेल्या कामगिरीवरून त्या मैत्रीला कायमचा तडा गेला. १८८६ मध्ये त्याने तिथे जायला हवं होतं की नाही? बारा कोपेक, पूर्ण मोकळीक आणि देशभराचा वाचक एकीकडे, शेजारच्या रकान्यात काय छापून येतं ते दुसरीकडे. ज्यांच्या घरी सहा-सात माणसं जेवायची नव्हती, त्यांनी याचं उत्तर फार झटकन दिलं, असं मला वाटतं.

त्याच वर्षीच्या मार्चअखेर एक पत्र आलं. लिहिणारे होते दिमित्री ग्रिगोरोविच, वय ६४, शेतकऱ्यांच्या जगण्यावरच्या कथांनी चाळीस वर्षांपूर्वी नाव कमावलेले, तरुणपणी दस्तयेव्हस्कीबरोबर एका बिऱ्हाडात राहिलेले. त्यांनी चेखवला सांगितलं की नव्या पिढीत तुझ्यासारखी प्रतिभा नाही. आणि सल्ला दिला की घाईघाईने लिहिणं थांबव. पैशाची ओढाताण असेल तर उपाशी राहा, आम्हीही एके काळी राहिलो. जे साठवलं आहे ते सावकाश रचलेल्या मोठ्या कामासाठी ठेव.

चेखवचं उत्तर पत्रसंग्रहांत आहे. पत्र मिळून रडू आल्यासारखं झालं, असं तो सुरुवातीला कबूल करतो. मग स्वतःवरचे आरोप वाढवून सांगतो. एका कथेवर एका दिवसाहून जास्त वेळ घालवल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला आवडलेला 'शिकारी' मी नदीकाठच्या न्हाणीघरात लिहिला. बातमीदार आगीची बातमी लिहितो तसं, यंत्रासारखं मी लिहीत आलो. मॉस्कोत माझ्या शेकडो ओळखी आहेत, त्यांत वीसेक लिहिणारे, पण मला लेखक मानणारा त्यांत एकही नाही. आणि मग तो एक वेगळीच गोष्ट सांगतो. लिहिताना मी काही चित्रं, काही प्रतिमा खर्च केल्या नाहीत. त्या मला प्रिय होत्या, म्हणून का कोण जाणे, जपून लपवून ठेवल्या.

आणि उपाशी राहण्याबद्दल? उपाशी राहायला माझी हरकत नाही, पूर्वी राहिलोही आहे, पण प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. एवढंच लिहून तो पुढच्या विषयाकडे वळतो.

ग्रिगोरोविचचा सल्ला चुकीचा नव्हता. तो ज्याला दिला त्याच्या पाठीमागे आई, वडील, बहीण, धाकटे भाऊ आणि घरभाडं उभं आहे, हे मात्र त्या प्रेमळ पत्रात कुठेच नव्हतं. चेखवने उपाशी न राहता मार्ग काढला, आणि तो हळू होता. १८८५ आणि १८८६ या दोन्ही वर्षांत त्याचा शंभराहून जास्त मजकूर छापून आला. १८८७ मध्ये संख्या बरीच उतरली आणि १८८८ मध्ये जेमतेम डझनावर आली. म्हणजे तो एका रात्रीत कुठली उडी मारून मोकळा झाला नाही. जास्त दर देणारं एक ठिकाण पक्कं झालं की कमी दराचं एक सोडायचं, असं चाललं. लेयकिन कुरकुरत राहिला. आपला लेखक दुसरीकडे लिहितो हे त्याला कधीच सोसलं नाही. चेखवने त्याच्याशी उघड भांडण केलं नाही, पण मजकूर विरळ होत गेला. मागून येणाऱ्या दोनतीन तरुण लेखकांची शिफारस तो याच काळात 'अस्कोल्की'कडे आणि सुवोरिनकडे करत होता.

१८८८ च्या सुरुवातीला त्याने 'स्तेप' लिहिली. जाड मासिकात आलेलं हे त्याचं पहिलं लेखन, आणि तिथला हिशोब ओळीवर नव्हता, सोळा पानांच्या छापील फर्म्यावर होता. लिहिताना त्याची दमछाक झाली. आठ वर्षं शंभर-दोनशे ओळींत जगलेल्या हाताला लांब श्वास जमेना, प्रत्येक पान स्वतंत्र छोट्या कथेसारखं बाहेर पडतंय, अशी तक्रार त्याने पत्रांतून केली. गवताळ माळरानावरून शाळेसाठी दूर निघालेल्या एका मुलाची ही गोष्ट वाचताना अजूनही तसं जाणवतं, आणि मला तर ती त्यामुळेच आवडते. तो माळ त्याच्या लहानपणचा होता. लपवून ठेवलेल्या चित्रांतलं काहीतरी इथे खर्ची पडलं असावं. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच्या कथासंग्रहाला पुश्किन पारितोषिक अर्धं विभागून मिळालं, ५०० रूबल.

शेवटचा मोठा हिशोब १८९९ चा. क्षय बळावला होता, क्रिमियात घर बांधायला पैसे हवे होते. आदोल्फ मार्क्स या प्रकाशकाने आजवरच्या सगळ्या लेखनाचे हक्क ७५,००० रूबलला घेतले. पुढच्या लेखनाला फर्म्यामागे दर, आणि तो दर काही वर्षांनी वाढत जाणार. मी ऐंशी वर्षांपलीकडे जगणार नाही असा शब्द देतो, अशी तार चेखवने गमतीने केली, आणि वाढता दर मनाशी मोजणारा मार्क्स त्याने खरंच गडबडला, असं म्हणतात. सौदा कुणाला फळला ते लवकरच दिसलं. मार्क्सच्या 'नीवा' साप्ताहिकाला लाखावर वर्गणीदार होते आणि १९०३ मध्ये त्याने चेखवचं लेखन त्यांना पुरवणी म्हणून दिलं. गॉर्की आणि इतरांनी मार्क्सला पत्र लिहून करार मोडायला लावायचं ठरवलं, तेव्हा चेखवने ते पाठवू दिलं नाही. सही मी केली आहे, असं त्याचं म्हणणं होतं. जुलै १९०४ मध्ये तो गेला, वय ४४.

करारातल्या एका कलमाने मात्र त्याला घाम फोडला होता. जुनं सगळं लेखन गोळा करून मार्क्सकडे द्यायचं. पण ते होतं कुठे? वेगवेगळ्या टोपणनावांखाली, बंद पडलेल्या साप्ताहिकांत, दैनिकांच्या जुन्या बासनांत. त्याने ओळखीपाळखीच्यांना पत्रं टाकली, ग्रंथालयांत बसून नकला करवून घेतल्या. एका दिवसात उरकलेल्या कथा शोधायला कित्येक महिने गेले. नकलांचे गठ्ठे यायला लागले तसा तो एकेक वाचून काही दुरुस्त करू लागला, काही पुन्हा लिहू लागला, आणि बरंचसं बाजूला काढू लागला. 'स्त्रिकोझा'ने ओळीला पाच कोपेक देऊन छापलेली ती पहिली गोष्ट, 'विद्वान शेजाऱ्यास पत्र', त्याने संग्रहात घेतली नाही.